सळई तीच, यंत्र नवे : भारतीय मानक ब्यूरोच्या महासंचालकांना खुले पत्र

मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली



एखाद्या भारतीय मानकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा सगळ्यांचे लक्ष मर्यादांच्या तक्त्याकडे जाते. ताकद किती वाढवली, जाडी किती कमी चालेल, कोणते मूलद्रव्य किती टक्क्यांवर आणले, यावर उद्योगात चर्चा होते, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. त्याच मानकात चाचणीच्या कलमातले एखादे वाक्य बदलते किंवा उत्पादन पुस्तिकेतल्या उपकरणांच्या यादीत एक नवी ओळ येते, तेव्हा मात्र कुणाला काही बदलल्यासारखे वाटत नाही. यंत्र जरा आधुनिक झाले, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. मला आपल्यासमोर मांडायचे आहे ते याच्या उलट आहे. चाचणीचे उपकरण किंवा ते चालवण्याची रीत बदलणे म्हणजे वस्तूची व्याख्याच बदलणे होय. म्हणून अशा प्रत्येक बदलासोबत जुन्या आणि नव्या उपकरणांवरच्या निकालांची तुलना ब्यूरोने स्वतः प्रसिद्ध करावी आणि अंमलाची तारीख देशात तेवढी कॅलिब्रेट केलेली यंत्रे उभी आहेत की नाहीत हे पाहून ठरवावी.

प्रमाणित उत्पादनाचा सगळा डोलारा या यंत्रांवर उभा आहे. २०१६ च्या ब्यूरो कायद्याखाली आणि २०१८ च्या अनुरूपता मूल्यमापन विनियमांतल्या पहिल्या योजनेखाली आयएसआय मार्कचा परवाना मिळतो. त्यासाठी प्रत्येक मानकाची उत्पादन पुस्तिका असते, तिच्यात लागणाऱ्या उपकरणांची यादी असते आणि कोणती चाचणी किती वेळा घ्यायची याची तपासणी व चाचणी योजना असते. रोजची चाचणी कारखानदार स्वतःच्या प्रयोगशाळेत घेतो. ब्यूरो अधूनमधून कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून आपल्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतो. म्हणजे एकाच वस्तूचा निकाल दोन ठिकाणी, दोन यंत्रांवर लागतो आणि दोन्हीकडे तो जुळेल हे आपण गृहीत धरतो. न जुळल्यास मार्क लावणे थांबवण्याची सूचना येते, आणि गुणवत्ता नियंत्रण आदेशाखालच्या वस्तूच्या बाबतीत मार्क थांबला की कारखानाच थांबतो, कारण मार्कशिवाय ती वस्तू विकताच येत नाही.

हे नुसते तत्त्व म्हणून पटणार नाही, म्हणून एकच वस्तू हातात घेऊ: घरबांधणीची टीएमटी सळई. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या रोलिंग मिल आणि भट्ट्या दाटीने उभ्या आहेत आणि मराठवाड्यापासून मुंबईपर्यंतच्या काँक्रीटमध्ये तिथला माल गेलेला आहे. तापलेले बिलेट लाटून सळई होते आणि शेवटच्या स्टँडमधून बाहेर पडताच पाण्याच्या पेटीतून वेगाने जाते. पाण्याने बाहेरची साल एकदम थंड होऊन कठीण होते, आतला गाभा तापलेलाच राहतो आणि बाहेर आल्यावर त्या गाभ्यातली उष्णता सालीला थोडी मऊ करते. सालीने ताकद द्यायची आणि गाभ्याने चिवटपणा द्यायचा, अशी ही विभागणी आहे. आयएस १७८६:२००८ या मानकात फे ५०० डी या प्रतीच्या सळईसाठी प्रूफ स्ट्रेस, म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागते तो ताण (यील्ड), किमान ५०० मेगापास्कल हवा, तुटण्याआधीचा कमाल ताण प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेसपेक्षा किमान १० टक्के जास्त आणि ५६५ च्या खाली नको, तुटल्यावरची लांबीतली वाढ किमान १६ टक्के आणि कमाल बलाला एकूण वाढ किमान ५ टक्के हवी. हे आकडे एकत्र वाचायचे असतात. पहिला आकडा ताकद मागतो. बाकीचे तीन म्हणतात की भूकंपात किंवा अतिभारात सळई तटकन तुटू नये, आधी ताणली जावी आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळावा.

आता हे आकडे येतात कुठून ते पाहू. सळईवर फासळ्या असतात, त्यामुळे तिचा छेद पट्टीने मोजता येत नाही. तुकड्याचे वजन आणि लांबी घेऊन, पोलादाची घनता ठरलेली धरून, क्षेत्रफळ गणिताने काढतात. बारा मिलिमीटरच्या सळईचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिलिमीटर येते, म्हणजे ५०० मेगापास्कलला यंत्राने सुमारे ५६.५ किलोन्यूटन बल दाखवायला हवे. ताण देणारे यूटीएम यंत्र पहिल्या वर्गाचे असेल तर बलाच्या वाचनात एक टक्क्यापर्यंत चूक मान्य असते. एक टक्का म्हणजे इथे ५ मेगापास्कल. खरी ताकद ५०३ असलेली सळई एका यंत्रावर ४९८ दाखवील आणि दुसऱ्यावर ५०८, आणि दोन्ही यंत्रे आपापल्या कॅलिब्रेशनच्या दाखल्याप्रमाणे निर्दोष असतील. उद्या यादीत पहिल्याऐवजी अर्ध्या टक्क्याच्या वर्गाचे यंत्र आले तर ही दरी निम्मी होईल. ते चांगलेच आहे. पण जो कारखानदार आजवर आपल्या यंत्राच्या चुकीला धरून वर सुरक्षित अंतर ठेवत होता त्याचे गणित बदलेल, आणि ज्याचे यंत्र नेहमी थोडे जास्त दाखवत आले आहे त्याचा माल एका रात्रीत नापास होऊ लागेल. पोलादात तर काहीच झालेले नाही.

बलाच्या चुकीहून वेगाचा प्रश्न अवघड आहे. पोलाद जितक्या वेगाने ओढावे तितका त्याचा यील्ड जास्त दिसतो, आणि सौम्य पोलादात हा फरक सहज नजरेत भरतो. आयएसओ ६८९२-१ या ताण चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २००९ मध्ये दोन रीती वेगळ्या केल्या, आणि आपले आयएस १६०८ त्याच मानकाच्या वाटेने चालते. पहिली, ए रीत, सळई किती वेगाने लांबते त्यावर नियंत्रण ठेवते: यील्डच्या टप्प्यात सेकंदाला ०.०००२५ इतका विकृतीचा दर, तोही वीस टक्क्यांच्या आत. दुसरी, बी रीत, ताण किती वेगाने वाढतो ते पाहते, आणि पोलादासाठी सेकंदाला ६ पासून ६० मेगापास्कलपर्यंतचा, म्हणजे दहापटीचा, ऐसपैस पट्टा देते. ए रीतीसाठी सळईला लावलेल्या, लांबीतली वाढ मोजणाऱ्या एक्स्टेन्सोमीटरकडून क्षणाक्षणाला माहिती घेऊन स्वतःचा वेग सावरणारे यंत्र लागते. हाताने झडप फिरवून चालवायच्या जुन्या हायड्रॉलिक यंत्राला ते जमत नाही. त्या यंत्रावर चाचणी घेणारा माणूस काटा पाहत झडप उघडतो. यील्ड जवळ आला की ताण वाढेनासा होतो, तरीही तोच दर राखायचा म्हणून झडप आणखी उघडली तर यंत्र धावत सुटते आणि आकडा वर जातो. यात लबाडी असतेच असे नाही. यंत्राच्या बांधणीतच ती चूक होऊ देणारी जागा आहे.

इथे आंतरराष्ट्रीय समितीने एक शहाणपण दाखवले. तिने जुनी रीत फेकून दिली नाही. दोन्ही मानकात ठेवल्या आणि निकालासोबत कोणती रीत, कोणत्या वेगाने वापरली ते लिहिण्यासाठी खूण ठरवली. ए२२४ लिहिले की विकृतीचा दर राखून घेतलेली चाचणी, बी३० लिहिले की सेकंदाला ३० मेगापास्कल. वाचणाऱ्याला समजते की हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर जपून करावी. आपल्या किती परवानाधारकांच्या चाचणी नोंदवहीत ही खूण असते आणि बाजारातून उचललेल्या नमुन्याच्या अहवालात ती असते का, हे ब्यूरोने एकदा तपासून पाहावे. खूणच नसेल तर कारखान्यातला ५१२ आणि प्रयोगशाळेतला ४९६ यांच्या भांडणात खरे-खोटे ठरवायला कुणाकडेच साधन राहत नाही.

आता या पत्राचा गाभा. लोक समजतात की यंत्र बदलल्याचा परिणाम फक्त कागदावर होतो: पास-नापासची रेषा थोडी सरकते, चार गठ्ठे बाजूला काढावे लागतात, इतकेच. प्रत्यक्षात तो परिणाम उलट्या दिशेने मिलमध्ये शिरतो. पाण्याच्या पेटीतला दाब आणि प्रवाह प्रयोगशाळेने दिलेल्या आकड्यावर बेतलेला असतो. समजा, जुन्या यंत्रावर ५२५ दिसणारी सळई नव्या यंत्रावर, ठरलेल्या मंद वेगाने, ५१० दिसू लागली. पाळीवरच्या माणसाला वाटणार की माल मऊ पडतोय, आणि तो पाणी वाढवणार. पाणी वाढले की कठीण साल जाड होते, प्रूफ स्ट्रेस वर येतो आणि नोंदवहीतला पहिला आकडा पुन्हा छान दिसू लागतो. पण जाड सालीबरोबर कमाल ताण आणि प्रूफ स्ट्रेस यांच्यातले अंतर आक्रसते आणि लांबीतली वाढ घटते. डी या अक्षराने ज्या चिवटपणाचे वचन दिले, त्याच्या कडेला सळई जाऊन पोहोचते. म्हणजे जी सळई आदल्या दिवशीही चांगली होती ती, नुसत्या नव्या आकड्याला उत्तर म्हणून, दुसऱ्या दिवशी जास्त ठिसूळ बनवली गेली. हे टाळायला एकच गोष्ट पुरेशी होती: नवे यंत्र आणि नवी रीत सरासरी इतके मेगापास्कल कमी दाखवते, असा भरवशाचा कागद मिलच्या हातात असणे. तो नसला की प्रत्येक मिल स्वतःच्या अंदाजाने झडप फिरवते.

पोलादाच्याच इतर चाचण्यांत हेच दिसते. रॉकवेल आणि ब्रिनेल कठीणपणाच्या चाचण्यांत पूर्वी पोलादी गोळी वापरत, आता टंगस्टन कार्बाइडची वापरतात. कठीण गोळी स्वतः कमी दबते, म्हणून आकडा तंतोतंत तोच येत नाही. त्यासाठीच मानकांनी अक्षरांनी वेगळेपण दाखवले, पोलादी गोळीला एस आणि कार्बाइडला डब्ल्यू. शार्पी आघात चाचणीत लोलकाच्या धारेची त्रिज्या २ मिलिमीटर की ८ मिलिमीटर यावर चिवट पोलादांचे आकडे चांगलेच सरकतात आणि दोन्ही धारा जगात वापरात आहेत. ही उदाहरणे मी यासाठी देतो की ओतकामाचे किंवा दाबपात्राच्या पत्र्याचे काम करणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही.

पण उपकरण बदलताना जुन्या-नव्या आकड्यांची सांगड घालण्याचे काम जगात नीट कसे केले गेले, याचा सर्वांत बोलका दाखला धुळीचा आहे. हायड्रॉलिक तेल किती स्वच्छ आहे हे कण मोजणाऱ्या उपकरणाने ठरते आणि ते उपकरण कॅलिब्रेट करायला ठरलेल्या आकाराच्या कणांची धूळ लागते. कित्येक दशके ही धूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनातून यायची. जनरल मोटर्सच्या एसी विभागाकडून मिळणारी ही धूळ एसी फाइन टेस्ट डस्ट नावाने जगभर वापरात होती. १९९२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नवी धूळ निवडली गेली आणि त्याच सुमारास कणांचे मोजमापही सुधारले. जुन्या धुळीत कणाची सर्वांत लांब बाजू सूक्ष्मदर्शकाने पाहून आकार ठरवला होता. नव्या पद्धतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणाचे क्षेत्रफळ मोजून तेवढ्या वर्तुळाचा व्यास घेतला. त्यामुळे ज्याला जग ५ मायक्रॉन म्हणत होते तो कण नव्या मापाने ६.४ निघाला, १५ चा १३.६ निघाला, आणि २ मायक्रॉन म्हणवणारा ४.६ चा ठरला. फिल्टर तेच, तेल तेच, पण प्रत्येक कॅटलॉगमधला प्रत्येक आकडा चुकीचा ठरायची वेळ आली.

आयएसओच्या समितीने तेव्हा काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १९९९ च्या आयएसओ ४४०६ मध्ये स्वच्छतेचा संकेतांक देण्याचे आकार ५ आणि १५ वरून ६ आणि १४ वर नेले, म्हणजे जुन्या तेलाचा संकेतांक नव्या मोजणीतही जवळपास तोच राहावा. त्याशिवाय ४ मायक्रॉनचा तिसरा आकडा जोडला. नवे मायक्रॉन वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना सी हे अक्षर लावले. जुने-नवे आकार शेजारी ठेवणारा तक्ता प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने संदर्भ नमुन्याचा नवा संच आणला तेव्हा आकार पुन्हा सुमारे दहा टक्क्यांनी सरकले आणि तेल तेच असूनही जास्त अस्वच्छ दिसू लागले. २०२० च्या आयएसओ १११७१ मध्ये त्यावरही तोडगा निघाला: नव्या संचावरचा आकार ०.८९८ ने गुणायचा आणि निकाल जुन्या, सी अक्षराच्या मायक्रॉनमध्येच द्यायचा. मोजण्याचे साधन सुधारले आणि वापरणाऱ्यांच्या मर्यादा जागच्या जागी राहिल्या. चाकणमधल्या प्रेसच्या तेलटाकीवर जो संकेतांक लिहिला आहे तो वीस वर्षांनीही वाचता येतो, तो या गुणकामुळे.

दुसरे उदाहरण अर्धे चांगले आणि अर्धे वाईट आहे, म्हणून जास्त शिकवणारे आहे. युरोपात मोटारींच्या धूर आणि इंधनाच्या चाचणीची जुनी एनईडीसी पद्धत जाऊन डब्ल्यूएलटीपी आली. नव्या प्रकारच्या मोटारींसाठी १ सप्टेंबर २०१७ पासून आणि सर्व नव्या मोटारींसाठी १ सप्टेंबर २०१८ पासून. कार्बन डायऑक्साइडची लक्ष्ये जुन्या पद्धतीच्या आकड्यांत ठरलेली होती, तेव्हा युरोपीय आयोगाने आपल्या संशोधन केंद्राकडून सीओटूएमपास नावाचे गणिती साधन बनवून घेतले आणि नव्या चाचणीतून जुन्या पद्धतीचा आकडा काढण्याची सोय केली. इथवर सगळे नीट. पण प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीची नव्याने चाचणी घ्यायला चाचणीचे मंच पुरेसे आहेत का, याचे गणित चुकले. फोक्सवॅगनला २०१८ च्या उन्हाळ्यानंतर वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात काही दिवस उत्पादन बंद ठेवावे लागले आणि तयार मोटारी बर्लिनच्या तेव्हा न उघडलेल्या विमानतळावर उभ्या कराव्या लागल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीची ही गत झाली. तिच्याकडे स्वतःचे चाचणी मंच होते, अभियंत्यांची फौज होती, उभ्या मालाचा खर्च सोसायची ताकद होती. एकच यूटीएम असलेल्या मिलकडे यातले काय आहे, हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, जुने यंत्र खोटे दाखवत असेल तर त्या खोट्याला मुदतवाढ कशाला? घर बांधणाऱ्याच्या माथ्यावर कमजोर सळई का? मला हे पूर्ण मान्य आहे की जिथे जुन्या उपकरणाने धोकादायक माल पास झाला आहे तिथे एक दिवसही थांबू नये. पण हे ठरवायचे कशावरून? तुलनेचा तक्ता तयार केल्यावरच समजेल की जुने यंत्र आकडा फुगवत होते की नाही आणि किती. फरक मोठा निघाला तर ब्यूरोच्या हातात तातडीचे कारण येईल आणि न्यायालयातही ते टिकेल. फरक नगण्य निघाला तर घाईची गरज नव्हती हे दिसेल. या तक्त्यातून काही उत्पादकांचे नुकसान होईल, हेही मी जाणतो. हाताच्या झडपेने वाढलेल्या आकड्यांवर जे वर्षानुवर्षे निभावून नेत आले त्यांचे पितळ उघडे पडेल. ते पडावे.

दुसरा आक्षेप ब्यूरोच्या अनुभवातून येणारा आहे: उद्योगाला कितीही मुदत द्या, तो शेवटच्या आठवड्यात आणखी मागतो. गुणवत्ता नियंत्रण आदेशांच्या अंमलाच्या तारखा किती वेळा पुढे ढकलल्या गेल्या हे पाहिले तर या तक्रारीत तथ्य आहे. पण तारीख हीच वादाची गोष्ट ठेवली तर हे होणारच. तारखेऐवजी अट ठेवली तर घासाघीस संपते. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या किती कॅलिब्रेशन प्रयोगशाळा त्या वर्गाच्या यूटीएमचे आणि एक्स्टेन्सोमीटरचे कॅलिब्रेशन करतात, एकेकीची महिन्याची क्षमता किती, आणि परवानाधारक किती, हे तीन आकडे ब्यूरोला एका आठवड्यात मिळू शकतात. समजा ६०० परवानाधारक आहेत आणि देशात महिन्याला ४० यंत्रांचे काम होते. मग पंधरा महिन्यांच्या आत कुणीही कितीही रडले किंवा ओरडले तरी सगळ्यांचे काम होणार नाही, आणि पंधरा महिन्यांनंतर कुणालाही सबब उरणार नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारात तांत्रिक नियम प्रसिद्ध होणे आणि लागू होणे यांत वाजवी अंतर ठेवायला सांगितले आहे आणि २००१ च्या दोहा निर्णयाने ते सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून कमी नसावे असे म्हटले. ती तळाची रेषा आहे. उपकरणाच्या बदलाला पुरेसा वेळ किती, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

तिसरे म्हणणे असे की लहान कारखान्यांनी यंत्र विकत घेण्याऐवजी सामायिक किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी करावी. वर्षातून एकदा करायच्या, महागड्या चाचण्यांसाठी हे योग्यच आहे आणि अनेक वस्तूंत तसे व्हावे. पण पाण्याच्या पेटीचा दाब ज्या आकड्यावर फिरतो तो आकडा शहरातल्या प्रयोगशाळेतून तीन दिवसांनी येऊन चालत नाही. तोवर शेकडो टन माल ट्रकवर चढलेला असतो. मिलच्या आत यंत्र असणे ही त्या प्रक्रियेचीच गरज आहे. ब्यूरो लवचिक राहू शकतो हे आपल्या अलीकडच्या अनेक उत्पादन पुस्तिकांतून दिसतेच. तिथे तपासणीची वारंवारता शिफारसवजा आहे आणि उत्पादकाला कारणे देऊन स्वतःची वारंवारता सुचवता येते. तीच समज उपकरणांच्या यादीलाही लावता येईल: जुन्या यंत्राचा फरक सिद्ध करून दाखवला आणि तो फरक मर्यादेत धरून माल पास केला, तर ठरावीक काळ जुने यंत्र चालावे. उदाहरणार्थ, जुने यंत्र सरासरी १२ मेगापास्कल जास्त दाखवत असेल तर त्या मिलने ५०० ऐवजी ५१२ ची रेषा पाळावी. घर बांधणाऱ्याचे यात काही बिघडत नाही आणि मिलला उसंत मिळते.

आयएसओ बदलते म्हणून आपल्यालाही बदलावेच लागते, असेही सांगितले जाते. निर्यातीचा विचार करता ते खरे आहे, आणि मी मागे राहा असे म्हणत नाही. पण आयएसओच्या ज्या समित्यांचे आपण अनुकरण करतो, त्यांनीच धुळीच्या बाबतीत तक्ता दिला, गुणक दिला, ताण चाचणीत दोन रीती शेजारी ठेवल्या. आपण बहुतेक वेळा मानकाचा मजकूर घेतो आणि त्यामागचे हे कष्ट मात्र घेत नाही. राहिला मसुद्याचा मुद्दा. मसुदे सर्वांसाठी खुले असतात, हरकती मागवल्या जातात, समित्यांवर उद्योगाचे प्रतिनिधी असतात, हे मला ठाऊक आहे. पण मसुद्यात लिहिलेले असते की आता अमुक वर्गाचे यंत्र हवे. त्याने उत्पादकाच्या मालाचा आकडा कुठे जाईल हे त्यात नसते. ज्याला परिणाम दिसत नाही तो हरकत कशावर घेणार? मोठ्या कंपन्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तो परिणाम पाहून येतात आणि समितीत बोलतात. चाळीस माणसांची मिल बोलत नाही, आणि आपण तिचे मौन संमती धरतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ज्या सुधारणेत चाचणीचे उपकरण, त्याचा वर्ग, त्याची रीत किंवा संदर्भ नमुना बदलतो, तिच्या मसुद्यासोबतच तुलनापत्र जोडावे. एकाच मालाचे तुकडे जुन्या आणि नव्या दोन्ही रीतींनी, निदान चार-पाच स्वतंत्र प्रयोगशाळांत तपासून, सरासरी फरक आणि त्यातली अनिश्चितता त्यात छापावी. अंमलाचा दिवस कॅलिब्रेशनच्या क्षमतेवरून काढावा आणि ते गणितही छापावे. संक्रमणाच्या काळात बाजारातून उचललेल्या नमुन्याचा अहवाल कोणत्या रीतीने काढला ते त्यावर लिहिणे बंधनकारक करावे, आणि नमुना मर्यादेच्या अगदी काठावर नापास झाला तर मार्क थांबवण्याआधी कारखान्याच्या रीतीनेही एकदा तपासावा. जुन्या उपकरणावर पास होऊन गोदामात किंवा दुकानात पडलेल्या मालाची स्थिती काय, हे परिपत्रकात एका वाक्यात सांगावे. त्या एका वाक्याअभावी व्यापारी आणि ठेकेदार माल घ्यायला घाबरतात.

याची सुरुवात सळईपासूनच करता येईल. जालना, नागपूर आणि मुंबईच्या आसपासच्या मिलमधून फे ५०० डी च्या आठ, बारा, सोळा आणि पंचवीस मिलिमीटरच्या सळया घ्याव्यात. प्रत्येकीचे शेजारशेजारचे तुकडे कापून एक हाताच्या झडपेच्या यंत्रावर, एक ताणाचा दर राखणाऱ्या यंत्रावर आणि एक विकृतीचा दर राखणाऱ्या यंत्रावर ओढावा. प्रूफ स्ट्रेस, कमाल ताण आणि दोन्ही प्रकारची वाढ लिहून घ्यावी आणि सगळे आकडे, मिलची नावे काढून, ब्यूरोच्या संकेतस्थळावर ठेवावेत. आपल्या मुंबईच्या प्रयोगशाळेला आणि एनएबीएल मान्यता असलेल्या दोन-तीन खासगी प्रयोगशाळांना हे काम काही आठवड्यांत जमेल. त्यातून जो आकडा निघेल तो त्या मिलच्या पाण्याच्या पेटीजवळ, झडपेशेजारी, पाळीवरच्या माणसाला दिसेल असा लावता येईल.

कळावे.

आपला विश्वासू,
सळईच्या भरवशावर छताखाली राहणारा एक नागरिक